वजा बहात्तर

लेक सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसली होती, आणि आई ओट्याशी उभी राहून तिचा एकेक शब्द कांद्यासारखा सोलत होती.

संध्याकाळी घाऊक बाजारात सभा होती. बाजारातले तराजू दुरुस्त करणाऱ्या काटेमास्तरांना जाऊन दीड महिना झाला, तेव्हा कुठे बाजार संघाला त्यांच्या आठवणीने गहिवरून यायला सवड मिळाली. घरच्यांनी थोडक्यात परिचय लिहून आणावा, असा निरोप आला होता. लेकीने लिहिलं, ‘निष्ठावान, कष्टाळू, प्राणिप्रेमी, आदर्श पती आणि प्रेमळ पिता.’ इथपर्यंत ठीक होतं. मग ते तिने वाचून दाखवलं.

“छान आहे,” आई म्हणाली. “कुणाबद्दल आहे?”

लेकीने पेन खाली ठेवलं. दूरच्या शहरात नोकरी करणारी, आठ दिवसांची रजा काढून आलेली. आईच्या जिभेची सवय मोडली होती. गेलेल्या माणसाबद्दल तरी जरा बरं बोलावं, असं तिने सुचवून पाहिलं. त्यावर आईचं म्हणणं पडलं, की माणूस गेला म्हणून त्याचं वजन वाढत नाही. असतं तेवढंच राहतं.

आता, हे म्हणणाऱ्या बाईच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती लेकीला ठाऊक नव्हती. मास्तरांच्या हातून आयुष्यात एक चूक झाली होती. साधी वजाबाकीची, शाळेतल्या पोराने करावी अशी. पण बाजारात कळली असती तर पस्तीस वर्षांचं नाव एका दुपारच्या चहात विरघळलं असतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी बायकोला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता तरी काही बोलणार. तुझं ऐकायला हवं होतं, किंवा गेला बाजार, तू दमली असशील, एवढं तरी. मास्तर म्हणाले, “ते बाजारात कळू देऊ नकोस.” मरणाच्या दारात उभ्या माणसाला बायकोकडे मागायला एवढंच सापडलं. तिने मान हलवली आणि ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही, लेकीलाही नाही. तोंड चालू ठेवलं की पोटातलं बाहेर पडत नाही, हा तिचा जन्माचा अनुभव. म्हणून ती सकाळपासून बोलत होती.

“निष्ठावान कुणाशी ते लिही. लोक विचारतील.”

निष्ठा होती ती काट्याशी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी नव्या बायकोला फिरायला नेलं. बाग नाही, तळं नाही, बाजाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे त्यांचं कामाचं बाक होतं. बाकावर पान्हे, रॉकेलची बाटली, कानशी आणि एका काचेच्या पेटीत बोटभर पारड्यांचा एक नाजूक तराजू. मास्तरांनी कागदाचे दोन सारखे तुकडे कापले, दोन पारड्यांत ठेवले. दांडी सरळ. मग एक तुकडा उचलला, त्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि परत ठेवला. पारडं खाली गेलं. नुसत्या रेघेच्या वजनाने. मास्तर तिच्याकडे असे बघत राहिले, जसं काही चंद्र खाली आणून ठेवलाय.

ती म्हणाली, “मग?”

त्या ‘मग’चं उत्तर तिला पस्तीस वर्षांत मिळालं नाही.

माणूस हुशार होता, हे तीही नाकारत नसे. बाजारातला कुठलाही काटा लंगडायला लागला की मास्तरांकडे यायचा. तराजूची दांडी ज्या पोलादी धारेवर तोललेली असते, ती धार ते अंगठ्याने चाचपायचे आणि डोळे मिटून सांगायचे, किती झिजली आहे. ‘आधी शून्य’ हा त्यांचा मंत्र. रिकामा काटा शून्यावर उभा नसेल तर पुढचं सगळं खोटं, हे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. गिऱ्हाइकाला, चहावाल्याला, मांजराला. घरातली स्वयंपाकघराची खिडकी मात्र नऊ वर्षं दोरीने बांधलेली होती. बिजागरी निखळलेली. ती दाखवली की मास्तर म्हणायचे, बघतो. कष्टाळू माणूस बाजारात कष्टून आलेला असे. घरी आल्यावर कष्ट दमलेले असत.

“हे लिहू का?” लेकीने विचारलं.

“लिही की. आणि भंगारवाल्याचंही लिही. तोच अध्यक्ष आहे ना आज?”

भंगारवाल्याची कथा अशी. त्याच्याकडची लोखंडी वजनं भरीव दिसत, पण बुडातली भोकं त्याने रिकामी करून ठेवलेली. त्या भोकांत शिसं भरून वजन बरोबर करायचं असतं. सरकारी निरीक्षक तपासायला यायच्या आदल्या दिवशी भंगारवाला मास्तरांना बोलवी. मास्तर शिसं भरत. निरीक्षक पास करून जाई. पण या भंगारवाल्याला माल देताना वजन हलकं लागायचं, म्हणून आठवड्याभरात शिसं परत बाहेर. पुढच्या वर्षी परत मास्तर. अकरा वर्षं. मापात पाप करणारा तो, आणि त्याच्या पापाला दर वर्षी नवं बूड लावून देणारा हा. बायकोने एकदा सरळ विचारलं होतं, की तुम्हाला कळत नाही का? मास्तर म्हणाले होते, “मी असेपर्यंत तरी वजन बरोबर असतं.”

“ह्यांच्या जागी मी असते तर शिशाऐवजी शेण भरलं असतं,” आई म्हणाली.

लेकीला हसू आलं आणि तिने ‘निष्ठावान’वर रेघ मारली. वजनदार रेघ.

उरलं प्राणिप्रेम. त्यावर तर आईचा खास दात. या घरात माणसाला आजारी पडायचं तर रांगेत उभं राहावं लागे. बाजारात कुठे पाय मोडलेलं, डोळा गेलेलं, कुणी लाथाडलेलं जनावर दिसलं, की संध्याकाळी ते मास्तरांच्या पिशवीत. आणि बारशाला वेळ लागत नसे. पिशवीतून काढायचं, काट्यावर ठेवायचं, भरेल ते नाव. मांजरी छटाक. लंगडी कोंबडी सव्वा, कारण सव्वा किलो. सिमेंटच्या गोदामात गोणीखाली सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू मोठं होऊन मण होईल असं मास्तरांना वाटलं, म्हणून तो मण. तो कधीच मण झाला नाही, चोवीस किलोवर थांबला. पण नाव राहिलं. पोटच्या पोरीलाही ही शिक्षा चुकली नव्हती. शाळेच्या दाखल्यावर चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण बापाची हाक मात्र ‘पावणेतीन’. जन्मली तेव्हा तेवढी भरली होती. सासरी कुणी विचारलं तर काय सांगू, असं ती लहानपणी रडून म्हणायची. सांग, की तेव्हापासून वाढले, असं बापाचं उत्तर.

दर रविवारी सकाळी घरात वजनाचा दरबार भरे. पार्सल ऑफिसातून मोडीत निघालेला एक मोठा काटा मास्तरांनी आणून बाहेरच्या खोलीत बसवला होता. वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारं वजन, खाली माणूस उभा राहील एवढा पाट. पाहुण्यांना बसायला जागा नाही, पण काट्याला आहे. मांजर टोपलीत, कोंबडी पिशवीत, लेक फ्रॉक सावरत. एका जाड वहीत सगळ्यांची वजनं एकाखाली एक. लेकीने मोठेपणी ती वही उघडली तेव्हा तिचं आठवीतलं वजन सव्वा आणि छटाक यांच्या मधोमध सापडलं. बायको मात्र त्या पाटावर कधी चढली नाही. मला काय कोबी समजलात का, असं तिने पहिल्याच रविवारी सुनावलं होतं.

“तुझ्या बापाचा डोळ्यांवर विश्वास नव्हता,” आई म्हणाली. “समोर माणूस रडत असला तरी आधी काट्यावर घ्यायचा.”

लेकीने कागदावर नवं वाक्य लिहिलं आणि ती आंघोळीला गेली. आईने ओट्यावरूनच वाकून वाचलं. ‘वजनाच्या बाबतीत त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही.’

आणि मग स्वयंपाकघरात एकटी उभी असताना सकाळपासून पहिल्यांदा तिचं तोंड बंद झालं.

मण शांत उभा राहत नसे. पाटावर ठेवला की उडी मारायचा. म्हणून मास्तर त्याला उचलून कडेवर घेत, स्वतः काट्यावर चढत, आणि जो आकडा येई त्यातून स्वतःचं वजन वजा करत. बहात्तर. वीस वर्षांपूर्वी कधीतरी ते स्वतः काट्यावर उभे राहिले होते, तेव्हा बहात्तर भरले होते. तोच आकडा धरून वजा बहात्तर. शहाण्णव वजा बहात्तर, मण चोवीस. दर रविवारी हाच हिशोब, मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

मागच्या वर्षी एका रविवारी काटा त्र्याण्णव दाखवू लागला. मास्तरांचा चेहरा उतरला. त्र्याण्णव वजा बहात्तर, मण एकवीस. कुत्रा तीन किलोने उतरला होता. त्या दिवसापासून त्याला रोज अंडं. पुढच्या महिन्यात एक्क्याण्णव, म्हणजे कुत्रा एकोणीस. अंडी दोन झाली, हाडांचं सूप सुरू झालं. ते बायकोने उकळायचं, आणि तिने उकळलंही, शिव्या घालत. मण डोळ्यांदेखत फुगत चालला होता. पोट जमिनीला टेकायला आलं. जिना चढताना वाटेत बसायचा. ती म्हणाली, “अहो, हा काय वाळलाय? ढोल झालाय नुसता.” मास्तर म्हणाले, सूज आहे ती. आतून वाळतोय. डोळे फसवतात, काटा फसवत नाही.

पुढे अठ्ठ्याऐंशी. कुत्रा सोळा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. त्याला उचलताना आता दम लागत होता, हात थरथरत होते, आणि या पंडिताला एकदाही सुचलं नाही, की कुत्रा जर दिवसेंदिवस हलका होतोय तर उचलायला जड का जातोय. बाजारात दुसऱ्याच्या काट्यातली गुंजभर खोट वासावर ओळखणारा माणूस.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मास्तरांच्याने मण उचलवेना, म्हणून बायको बरोबर गेली. एका बाजूने ती, एका बाजूने ते, मध्ये तो वाळलेला कुत्रा. डॉक्टर तरुण मुलगी होती, हसरी. तिने मणला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “एकोणतीस. काका, खाणं कमी करा याचं.”

मास्तर तिला म्हणाले, तुमचा काटा खोटा आहे.

आणि त्यांनी पिशवीतून आपली तपासणीची वजनं काढली, जी ते देवघरातल्या मूर्तींसारखी मखमलीत गुंडाळून नेत, आणि त्या पोरीच्या दवाखान्यात, बाहेर तीन मांजरं आणि एक पोपट खोळंबलेला असताना, तिचा काटा तपासायला घेतला. पाच किलो ठेवून पाहिले, दहा ठेवून पाहिले. दोनशे ग्रॅमची खोट निघाली. ती त्यांनी दुरुस्त केली. शून्य बघितलं. पुन्हा बघितलं. मण परत वर. एकोणतीस.

मास्तर बाकावर बसले. मग डॉक्टर मुलगी, ती खरोखर हुशार, हळूच म्हणाली, “काका, तुम्ही एकदा उभे राहता का?”

एकोणसाठ.

तेरा किलो. कुत्र्यातून गेलेलं प्रत्येक किलो यांच्यातून गेलं होतं, आणि त्याने चढवलेले पाच वर. मास्तरांनी आकड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, आता घाबरतील. माणसासारखे घाबरतील एकदाचे. ते लालबुंद झाले. लाजेने. “वजा करताना जुनंच धरत राहिलो,” ते म्हणाले. “स्वतःचं शून्य बघितलंच नाही.” रोगाचं नाव दुसऱ्या आठवड्यात कळलं, माणसांच्या डॉक्टरकडून. सहा महिने आधी आला असतात तर, असं तो डॉक्टर म्हणाला आणि वाक्य पुरं न करता चष्मा पुसत बसला. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. घरी येताना त्यांना एकच काळजी, जनावरांच्या दवाखान्यातला तो औषधं देणारा कुठे बोलणार तर नाही ना.

लेक केस पुसत आली. “त्या वाक्याला नाही बोललीस काही.”

“ते राहू दे,” आई म्हणाली, आणि खिडकीची दोरी घट्ट करू लागली.

सभा लिलावाच्या शेडमध्ये होती. एका बाजूला पोत्यांची थप्पी, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका खुर्चीवर मास्तरांचा फोटो. फोटोतले मास्तर बहात्तर किलोचे होते. आई आणि लेक पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्ष भंगारवाला बोलायला उभा राहिला आणि मास्तरांच्या सचोटीवर अर्धा तास बोलला. मास्तरांमुळे या बाजारात माप कसं खरं राहिलं, आम्हा सगळ्यांना त्यांनी वजनदारपणे कसं वागायला शिकवलं, वगैरे. आई लेकीच्या कानात पुटपुटली, की याच्या आतलंही शिसं कुणीतरी काढून घेतलंय. लेकीने तिला कोपर मारलं. मग लेकीने परिचय वाचला. ‘वजनाच्या बाबतीत त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही’ हे वाक्य आलं तेव्हा माना डोलल्या. आईने मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

तेवढ्यात डिजिटलवाला उठला.

हा मास्तरांच्या बाकासमोर दुकान थाटून बसलेला. बॅटरीवर चालणारे, लाल आकड्यांचे काटे विकायचा. बारा वर्षं दोघांची कुरबुर. मास्तर त्याच्या काट्यांना खेळणी म्हणत, आणि बाजार ते ऐकून हसे. मास्तरांच्या पासंगालाही पुरणार नाही, असं लोक त्याच्या तोंडावर बोलत. आज तो चेहऱ्यावर लोणी लावून आला होता.

गंभीर सभेत एक हलकीफुलकी आठवण सांगतो, असं तो म्हणाला. मास्तर त्यालाही गुरुस्थानी होते. तर झालं काय, जनावरांच्या दवाखान्यात औषधं देतो तो याच्या मेहुण्याचा मित्र. त्याने सांगितलं, म्हणजे आता खरंखोटं देव जाणे, की मास्तरांचा कुत्रा महिनोन् महिने कागदावर वाळत होता आणि जमिनीवर फुगत होता. कारण काय, तर मास्तर स्वतःचं वजन वीस वर्षांपूर्वीचं धरून वजा करत होते. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. डिजिटलवाल्याने हात वर केला, हसू नका, मोठी माणसं असतात भोळी, असं म्हणाला, आणि शेवटी मान तिरकी करून पहिल्या रांगेकडे वळला.

“वहिनी, हे खरं का हो? आमच्या मास्तरांची वजाबाकी चुकली?”

हसायची परवानगी मिळते का, याची शंभर माणसं वाट बघत होती. लेकीने आईकडे पाहिलं. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता, कारण तिला आत्ता, या क्षणी, या माणसाच्या तोंडून, पहिल्यांदा कळत होतं.

आई उठली. पिशवी खुर्चीवर ठेवली.

“खरं आहे,” ती म्हणाली. “चूक झाली. पण भाऊ, तुमच्या मेहुण्याच्या मित्राने अर्धंच सांगितलं. वही मी लिहीत होते.”

डिजिटलवाल्याची मान सरळ झाली.

तिने मग तब्येतीत सांगितलं. ह्यांची जवळची नजर गेली होती. कुत्र्याला घेऊन हे वर उभे राहायचे, काटा ती वाचायची, वजाबाकी तीच करायची, वहीत तीच मांडायची. हे बिचारे विचारायचे, किती? ती सांगायची. कधीतरी हे म्हणालेही होते, की माझंही एकदा नव्याने बघून घे, आणि तिनेच उडवून लावलं, की तुमचं काय बघायचं, तुम्ही आहात तेवढेच आहात. “दवाखान्यात एका मिनिटात ह्यांनी चूक पकडली. माझी. वरून त्या डॉक्टरणीचा काटाही दुरुस्त करून दिला. दोनशे ग्रॅमची खोट होती. ते नाही सांगितलं वाटतं त्या मित्राने?”

ते त्याने सांगितलं नव्हतं.

शेडभर सुटकेचा श्वास फिरला. तरीच, कुणीतरी म्हणालं. मास्तर आणि वजाबाकी चुकणार, असं होईल का. अध्यक्षांनी हात हलवून सांगितलं, की वहिनी, मनाला लावून घेऊ नका, बायकामाणसांचा आकड्यांशी संबंध कमी, होतं असं. दुसरा एक म्हातारा व्यापारी समजुतीच्या सुरात म्हणाला, की संसाराच्या धबडग्यात होतात चुका. डिजिटलवाला खाली बसला, बसताना खुर्चीचा पाय मुडपला.

आई मुकाट्याने हे सगळं अंगावर घेत उभी होती आणि तिला या लोकांची कीव येत होती. पस्तीस वर्षं ती या बाजारात खरं बोलली. काट्यांबद्दल, शिशाबद्दल, याच अध्यक्षाबद्दल, भर रस्त्यात. एकाने कान दिला नव्हता. आज एक खोटं बोलली आणि अख्खा बाजार नंदीबैलासारखा मान हलवत होता. बाईने चूक कबूल केली की तपासायची कुणाला गरज वाटत नाही. या एका मालाला वजनमाप लागत नाही.

घरी जाताना दोघी चालत निघाल्या. बाजाराची दुकानं मिटत होती, फळ्या लागत होत्या. लेक चार पावलं पुढे, मग थांबायची, मग परत पुढे.

“मला दर रविवारी फोन यायचा,” ती शेवटी म्हणाली. “बाबा स्वतः वजाबाकी करून सांगायचे. पावणेतीन, ऐक, एक्क्याण्णव वजा बहात्तर. मी म्हणायचे, अरेरे, एकोणीस. मणला डॉक्टरकडे न्या. एकदाही विचारलं नाही मी, बाबा, तुम्ही किती?”

“विचारलं असतंस तर बहात्तर सांगितलं असतं.”

लेक रडायच्या बेतात होती, तिला हसू फुटलं, आणि मग ती खरोखरच रडली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून. आई बाजूला उभी राहिली. रस्त्यात काय बसतेस, लोक बघतात, असं एकदा म्हणाली, पण उठवलं नाही. मग स्वतःच बाजूला बसली, गुडघ्यांना शिव्या देत.

“पण तू कशाला घेतलंस अंगावर?” लेकीने नाक पुसत विचारलं. “सकाळपासून त्यांना धू धू धूत होतीस. एक शब्द ठेवला नाहीस त्यांच्याबद्दल चांगला.”

“मी धूत होते. पस्तीस वर्षं ह्यांना नावं ठेवली ती मी. घरात राबून, कुत्र्याचं सूप उकळून, तो हक्क मिळवलाय. तो काय त्या बॅटरीवाल्याला फुकट वाटायचा? त्याने काय केलं ह्यांचं? एकदा तरी ह्यांचा डबा भरला?”

समोरच्या दुकानदाराने शटर ओढलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि गेला. आईने पदराने चष्मा पुसला, परत लावला, परत काढला.

“आणि अगदीच खोटं बोलले असं समजू नकोस,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“ह्यांच्या पँटची कंबर ढिली व्हायला लागली. मीच आत घेतली, मशीनवर. महिन्याने परत आली, परत घेतली. मला वाटलं, कापड हलकं आहे, ताणलं जातंय. मग त्या कापडवाल्याकडे गेले आणि भर दुकानात त्याची अशी काही चंपी केली, की चार गिऱ्हाइकं उठून गेली. फसवतोस म्हटलं, लाज वाटत नाही का म्हटलं. त्या बिचाऱ्याने मुकाट्याने दुसरं कापड दिलं. चांगलं, जाड. मी नवी पँट शिवून घेतली ह्यांना.”

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तीही ढिली झाली.”